जबड्यातला पाहुणा

वसंता, तुझे पुढचे दात राखेतून मीच वेचून काढले.

बायकांनी स्मशानात येऊ नये असं आपल्या गल्लीत म्हणतात. पण तुझ्या मागे या बहिणीशिवाय दुसरं कोणी नव्हतं, म्हणून सावडायला मी आले तेव्हा कोणी अडवलं नाही. राख वरून थंड आणि खालून गरम होती. दूध-पाणी शिंपडलं तसा चर्र आवाज झाला. मी डोक्याच्या बाजूला बसले. बोटांना काही टणक लागलं. उचलून फुंकर मारली, तर चार दातांची धातूची पट्टी. वरचं पांढरं तडकून गेलेलं. आणि तिला धरून असलेला हाडाचा एक तुकडा, सुपारीच्या खांडाएवढा.

विधी सांगणारा माणूस म्हणाला, "माय, ते धातू हाय, बाजूले ठेवा. हाड तेवढं मडक्यात टाका."

मी विचारलं, "कोनाचं हाड?"

तो म्हणाला, "मरनाऱ्याचंच असन ना, माय."

त्याला काय माहीत. ते हाड कोणाचं, यावर आपलं इतकी वर्षं भांडण चाललं होतं आणि ते अर्ध्यावर टाकून तू निघून गेलास. मी तो तुकडा तळहातावर घेऊन बसले. मागची माणसं खोळंबली, तेव्हा तो मडक्यात टाकला. मला रडू आलं नाही. आज तुझी तेरवी आटोपली, अजूनही आलेलं नाही. शेजारणी माझ्याकडे पाहतात आणि आपसात बोलतात. बोलू दे.

अकोल्याला भर दुपारच्या वरातीत वाजवता वाजवता तुला ऊन लागलं, तू खाली बसलास आणि उठला नाहीस. एवढंच मला गफूरभाईंनी फोनवर सांगितलं. बँडचे मालक तेच, तुझ्या शेजारी सगळा जन्म ढोल वाजवणारेही तेच, म्हणून सांगायचं कामही त्यांच्याकडेच आलं. "आपा, मास्तर बसले," असं म्हणाले. मी म्हटलं, "बसले तर उठवा." ते म्हणाले, "आता उठत नाईत, आपा." तेव्हा मला कळलं.

दातांचं सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण मला ते एकदा नीट लावून ठेवायचं आहे. डोक्यात सगळं सैल झालं आहे.

तेही अकोल्याचंच लग्न होतं. तू नवरदेवाकडे तोंड करून उलटा चालत क्लॅरिनेट वाजवत होतास. तुला ती खोड होती. घोडीसमोर उलटं चालायचं, म्हणजे नवरदेवाला वाटतं हा माझ्यासाठीच वाजवतो आहे. कोणी फटाक्यांची माळ घोडीच्या पायाजवळ लावली. घोडी बिथरली, तिनं मान झटकली, ती क्लॅरिनेटच्या खालच्या तोंडाला लागली आणि वरचं टोक तुझ्या दातांत गेलं. गफूरभाई मला नंतर सांगत होते, "आपा, नवरदेव घोडीवर टांगून राह्यला, अन् पडले आमचे मास्तर. वऱ्हाडातल्या बायांले वाटलं, हा बी नाचच हाय."

तुझे वरचे मधले दोन दात हलायला लागले होते. तिथल्या तिथे गफूरभाईंनी तुला त्यांच्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. फरहतबाई. वयानं आपल्या पोरीसारखी असेल, आपल्या दोघांपैकी कोणाला पोरगी असती तर. दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून पॅसेंजरनं मी तुझ्याबरोबर गेले. तुझ्या तोंडाला रुमाल लावलेला आणि मांडीवर क्लॅरिनेटची पेटी. मी म्हटलं, दवाखान्यात पेटी कशाला? तू रुमालाआडून म्हणालास, "तिले बी लागलं हाय."

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि उजेडासमोर धरला. "काका, मुळं उभी चिरली आहेत. हे दोन्ही दात राहत नाहीत."

तू म्हणालास, "काढा. खोटे बसवा."

तिनं लगेच चिमटा उचलला नाही. पेटीकडे बोट दाखवून विचारलं, "हे वाजवता कसं? दाखवा."

तू पेटी उघडलीस आणि टोक तोंडाशी नेऊन दाखवलंस. खालचा ओठ खाली, आणि वरचे पुढचे दात टोकावर टेकलेले. सगळा भार त्या दोन दातांवर. मी तुला तीस-चाळीस वर्षं वाजवताना पाहिलं, पण हे कधी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं तू ओठांनीच वाजवतोस.

ती म्हणाली, "मग ऐका. दात काढला की त्याच्या जागचं हाड राहत नाही. पुढचं हाड तर कागदासारखं पातळ असतं. काही महिन्यांत ते आत बसतं, खड्डा पडतो. त्यावर खोटे दात बसवले तर दिसायला बरे, भाकरही खाल. पण हे वाद्य त्यावर टेकवलं की खालून आधार नाही."

"मंग?"

"दात काढल्या काढल्या त्या खड्ड्यात हाडाची भुकटी भरायची, वरून झाकायचं, टाके घालायचे. मग हाड बसत नाही."

आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली, हे मला तुझ्या तोंडावरून कळलं. आपल्या बापानं संत्र्याची कलमं लावली तेव्हा खड्ड्याखड्ड्यात ओंजळ ओंजळ बोनमील, हाडांचं खत, टाकलं होतं. तू आणि मी टोपली धरून मागे मागे फिरत होतो. त्याचा वास आठवडाभर हातांना होता.

तिनं विचार करायला आठ दिवस दिले. घरी आल्यावर मी कृषी केंद्रात गेले. दुकानदार ओळखीचा नव्हता. एकटी म्हातारी पाहून तो आधीच उठून उभा राहिला. "काय पाहिजे? फवारनीचं औषध एकट्या मानसाले देत नाई आमी. घरच्या कोनाले पाठवा." त्या वर्षांत दुकानदार असेच झाले होते. कोण काय नेतं आणि घरी जाऊन काय करतं, याची त्यांना धास्ती असायची. मी म्हटलं, "मले मरायचं नाई. बोनमील पाहिजे."

"किती झाडं हायेत?"

"दोन दात हायेत."

त्यानं पुडी बांधून दिली आणि मी रस्ता ओलांडेपर्यंत दारात उभा राहून पाहत होता.

ती पुडी मी फरहतबाईंच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "हे घ्या. ताजं पाहून आनलं. तुमच्याकडचं कधीचं पडलं असन, कोनाले माहीत."

तिनं पुडी उघडली, हुंगली, आणि खुर्चीवर मागे टेकून हसली. हसत हसत डोळे पुसले. "मावशी, हे भरलं तर काकांच्या तोंडात संत्री लागतील."

तू रुमालाआडून हसलास आणि हसताना तुला दुखलं. मी हसले नाही. मला आजही वाटतं की मी फारशी चुकले नव्हते. खड्डा आहे, त्यात हाडाची भुकटी टाकायची, म्हणजे नवं धरतं. फरक एवढाच, की तिच्याकडची भुकटी धुतलेली होती.

मग तिनं एकेक सांगितलं. तुमच्याच हनुवटीतून थोडं हाड काढून भरता येतं. तू म्हणालास, "एका भोकासाठी दुसरं भोक? नाई." एक भुकटी कारखान्यात होते, तिच्यात हाड नसतंच, चुनखडीतला प्रकार. एक तर चक्क गणपतीच्या मूर्ती करतात त्या प्लास्टरची. ती लवकर विरघळते. तू म्हणालास, "मंग ते अनंत चतुर्दशीलेच जाईन." कारखान्यातली पहिली चांगली आहे, ती म्हणाली, पण तुमची पुढची भिंत चिरली आहे, मी असते तर खऱ्या हाडाची घेतली असती. खऱ्यात दोन. गाईच्या हाडाची, तापवून तापवून शुद्ध केलेली, सगळ्यात जास्त टिकते. आणि एक माणसाची.

मी म्हटलं, "कोन्या मानसाची?"

"ज्यानं मरण्याआधी लिहून दिलं असेल, किंवा ज्याच्या घरच्यांनी दिलं असेल. मोठ्या शहरात रक्तपेढीसारखी हाडांची पेढी असते. ते हाड धुतात, वाळवतात, किरणांखाली धरतात, बारीक करतात आणि बाटलीत बंद करतात. त्यात रोग राहत नाही, रक्त राहत नाही."

मी तुला म्हटलं, गाईचं घे. जास्त टिकते म्हणते. आणि गाय आपल्या घरची असल्यासारखी. तू गळ्यातल्या माळेला हात लावलास. मला वाटलं, माळकरी म्हणून मटण सोडलं तसं हेही नको म्हणशील, दोन्ही नको म्हणशील, आणि वाजवणं संपेल. तू म्हणालास, "गाईले कोनी विचारलं नाई. त्या मानसानं सही तरी केली असन. मानसाचं द्या."

डॉक्टरीणबाईनं असं उत्तर ऐकलेलं नसावं.

मी तुला तिथेच धरलं. तिच्यासमोरच. म्हटलं, "अरे, त्याच्या घरच्यायनं त्याले जाळलं असन, राख सावडली असन, नदीत सोडली असन. अन् त्याचं एक हाड तुह्या तोंडात राहीन. तो अडकून पडला म्हनजे?"

तू म्हणालास, "मी मेलो का दोघाले संगच सोडजो."

"मी तुह्या अगोदर जाईन. मोठी मी हाय."

"मंग तू तिकडे जाऊन त्याले सांगजो, थोडा थांब म्हना."

फरहतबाई म्हणाली, "मावशी, तो अडकत नाही. ही भुकटी पाहुण्यासारखी असते. काही महिने जागा धरून ठेवते. काकांचं स्वतःचं हाड हळूहळू आत येतं आणि ती जागा घेतं. पाहुणा मग निघून जातो."

हा शब्द तिनं द्यायला नको होता. तो तू धरलास आणि मरेपर्यंत सोडला नाहीस.

तिनं दात काढले ते मी पाहिले. मला बाहेर बसा म्हटलं होतं, मी बसले नाही. ओढून नाही, हलवून हलवून, बाजूची भिंत मोडू नये म्हणून. फार वेळ लागला. मग बारीक चमच्यात पांढरे कण, मीठ असतं तसे, तुझ्याच रक्तात भिजवून तिनं खड्ड्यात दाबले. वर पापुद्र्यासारखा तुकडा, त्यावर टाके. एवढ्याशा बाटलीत एक माणूस. बाई होती की पुरुष, म्हातारा की तरणा, कोणत्या गावचा, काही माहीत नाही. मी तिला विचारलं. ती म्हणाली, ते आम्हालाही सांगत नाहीत.

निघताना तिनं बजावलं, "काका, फुंकायचं नाही. नाकही जोरात शिंकरायचं नाही. मी सांगेपर्यंत वाद्य तोंडाला लावायचं नाही. एकदा जरी जोर लावला तर आतली भुकटी जाईल, आणि मग भिंतही जाईल."

तुळशीचं लग्न होऊन लगीनसराई भरात आली होती. ते दिवस मला आताच्या या दिवसांसारखेच आठवतात. घरात सगळं असून नसल्यासारखं. तू ओसरीवर बसून क्लॅरिनेट मांडीवर उभी धरायचास आणि न फुंकता बोटं चालवायचास. चाव्यांचा टकटक, टकटक आवाज यायचा. गाणं कोणतं ते मला त्या टकटकीवरून ओळखता यायला लागलं होतं. मी स्वयंपाकघरातून म्हणायची, हे लगनाचं होय. तू म्हणायचास, बिदाईचं. तेवढंच बोलणं व्हायचं.

गफूरभाई आले होते एकदा. बाहेरच उभे राहून म्हणाले, "मास्तर, फक्त एक लग्न. मोठं घर हाय, क्लॅरिनेट पाहिजेच म्हणते. हळू फुंका. नुसतं तोंडाले लावून चाला, मी ढोल जोरात ठेवतो."

मी विचारलं, "गफूरभाई, तुमी ढोलाचं चामडं ओलं असताना वाजवता का?"

"नाई, आपा."

"मंग याचं ओलं हाय अजून."

ते ओशाळले. चहा न घेता गेले. नंतर तू मला म्हणालास की त्यांनी हातगाडीवर कॅसिओ घेतला आहे, एक पोरगा सगळी वाद्यं त्याच्यातच काढतो, क्लॅरिनेटही. "माहा आवाज त्याच्या बटनात हाय," म्हणालास. तुला दुसरं काही येत नव्हतं. संत्र्याचा बगीचा पाण्याअभावी आपल्या बापाच्या हयातीतच वाळला होता, शेत दुसऱ्याकडे गेलं होतं. वाजवणं गेलं असतं तर तू त्या ओसरीवरून उठला नसतास. मला फक्त तेवढीच भीती होती. आपल्या ओळखीची किती तरी माणसं त्या वर्षांत अशीच ओसरीवर बसली आणि एक दिवस उठून गोठ्यात गेली. मी रोज तुझी टकटक ऐकायची. थांबली की बाहेर येऊन पाहायची आणि काहीतरी बोलायची, भाजी काय करू म्हणून. तुला वाटत असेल, ही किती वेळा भाजी विचारते.

तू फुंकलं नाहीस. हे तुला सांगायचं माझं राहिलं. एवढा फुंकणारा माणूस, पण तू एकदाही फुंकलं नाहीस.

पुन्हा फोटो काढला तेव्हा फरहतबाईनं तो तुलाच दाखवला. "पाहा काका, भरलं. भिंत जागेवर आहे. आता बाजूच्या दातांना धरून चार दातांचा पूल बसवते." पूल बसला. त्या दिवशी तिच्याच दवाखान्यात, बाहेर पेशंट बसलेले असताना, तू टोक तोंडाला लावलंस. आधी नुसता वारा आला. मग फुसका आवाज. मग सूर लागला. बाहेरचे पेशंट दारात आले. ती दाराला टेकून उभी होती, हातमोजे तसेच. मी म्हटलं, "चला, गाडी चुकन." दुसरं काही मला सुचलं नाही.

गफूरभाईंनी तुला परत घेतलं. कॅसिओही राहिला. तू म्हणायचास, तो पोरगा बरा आहे, पण त्याला श्वास घ्यावा लागत नाही, म्हणून कुठे थांबावं ते त्याला कळत नाही. आणि थांबावं तर त्या वर्षांत फार लागायचं. गावातून वरात जाताना ज्या घरी नुकतं मरण झालं असेल त्याच्यासमोर बँड बंद ठेवायचा, पुढे गेल्यावर सुरू करायचा. पूर्वी एखाद्या गावात एखादं घर. मग असं झालं की तोंडाला लावली न लावली तोच गफूरभाई थांबा म्हणून ढोलाची काठी वर करायचे. तू घरी येऊन सांगायचास, "आज वाजवलं कमी, चाललो जास्त." जेवताना सांगायचास आणि पुढे जेवायचास. मीही वाढत राहायची. आपण त्यावर कधी बोललो नाही.

पाहुण्यावर मात्र बोलायचास. वाजवायला निघताना पेटी उचलून म्हणायचास, "चाल पाहुन्या." थंडीत वरचा ओठ ठणकला की म्हणायचास, पाहुण्याला थंडी सोसत नाही, कोकणातला असावा. आंबा खाताना म्हणायचास, पाहुण्याला देतो. मला वैताग यायचा. मी म्हणायची, "तो गेला. डॉक्टरीनबाईनं सांगतलं. आता सारं तुहं हाड हाय."

"तिनं काय आत जाऊन पाह्यलं?"

"फोटोत पाह्यलं."

"फोटोत हाड दिसते. कोनाचं ते दिसत नाई."

असं चालायचं. गंमत होती ती. पण एकदा गंमत राहिली नाही. मी परातीत भाकरी थापत होते, तू दाराशी बसून चाव्यांना तेल देत होतास. मी म्हटलं, "पाहुना म्हनतोस त्याले, तर पाहुना गेलाच पाहिजे. पाहुना कोनाकडे राहते का जन्मभर?"

तू वर न पाहता म्हणालास, "तू राहिलीच ना."

मग म्हणालास, "मी काही म्हटलं का?"

भाकरी माझ्या हातात तशीच राहिली. तू तेलाची बाटली बंद केलीस आणि बाहेर निघून गेलास, कुठे ते आठवत नाही.

मी विधवा होऊन आले तेव्हा आई होती. मी कपड्यांची पेटी घेऊन आले होते आणि आईला म्हणाले होते, आठ दिवस राहते. पदरी मूल नव्हतं. सासरी परत कोणी बोलावलं नाही. आठ दिवसांनी तू माझी पेटी फळीवर ठेवून दिलीस, उंच, माझा हात पोचणार नाही अशी. तेवढंच केलंस. मग आई गेली. तुझं लग्न जमवायला लोक येत, घर पाहत, ओसरीवर चहा पीत, आणि घरात विधवा बहीण आहे हे कळलं की पुन्हा येत नसत. म्हणजे मला तसं वाटतं. तू म्हणायचास, दुसऱ्यांच्या लग्नांतच इतका वेळ जातो की स्वतःचं राहून गेलं. लोक हसत. माझ्यामुळे राहिलं का, हे मी तुला विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. त्या दिवशी "तू राहिलीच ना" म्हणालास ते टोचायला म्हणालास की समजावायला, तेही मी विचारलं नाही. आधी राग आला. मग काही दिवसांनी राग गेला. पण त्या जागी काय आलं, त्याला मला शब्द माहीत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली. तुला विचारावं असं खूपदा मनात आलं. वाटलं, वेळ आहे.

तुझी माती झाल्यावर फरहतबाई आली होती. गफूरभाईंनी कळवलं. ती बराच वेळ बसली. मी तिला स्मशानातल्या त्या तुकड्याचं सांगितलं. विचारलं, "बाई, खरं सांगा, मले आता भांडायचं नाई. त्याच्यात तो दुसरा होता का?"

ती म्हणाली, "मावशी, बहुतेक सगळं काकांचंच झालं असणार. पण अगदी एखादा कण राहिलाच नसेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. कधी कधी नव्या हाडाच्या मधोमध जुना कण तसाच सापडतो. त्याच्या चारी बाजूंनी आपलं हाड वाढलेलं असतं. वेगळा काढता येत नाही."

"मंग तो म्हनत होता ते खरं."

"दोघांचंही खरं," ती म्हणाली. डॉक्टर लोकांना असं बोलावं लागतं.

काल कौंडण्यपूरला गेले. गफूरभाईंनी बँडची गाडी काढली, तुझी जागा मोकळी ठेवून सगळी पोरं मागे बसली. कॅसिओवाला पोरगाही आला. वर्धेला पाणी कमी होतं. काठावरच्या महाराजांनी मडकं समोर ठेवलं आणि विचारलं, "नाव सांगा."

मी तुझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं.

ते म्हणाले, "बरं, हात जोडा."

मी म्हटलं, "अजून एक हाय."

"अजून कोन?"

"नाव माहीत नाई. गोत्र माहीत नाई. बाप्या होता का बाई होती, ते बी माहीत नाई."

त्यांनी गफूरभाईंकडे पाहिलं, म्हातारीला काही झालं आहे का म्हणून. गफूरभाई टोपी सावरून म्हणाले, "महाराज, आपा बरोबर बोलून राहिल्या. दोघं हायेत."

"पन मी एकाचंच सांगू शकतो. दुसऱ्याले काय म्हनू?"

"पाहुना म्हना," मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला आणि तसं म्हटलं. तुझ्या नावानंतर पाहुणा म्हटलं, दोनदा पाणी सोडलं. चांगले माणूस होते. मग मी मडकं कलंडवलं. पाणी तिथे गुडघ्याएवढंच होतं, हाडं लगेच तळाला बसली, दिसत होती. पोरांनी वाजवायचं ठरवलं होतं, पण कोणी वाजवलं नाही. सगळे उभे राहिले. गफूरभाईंनी मयतीच्या घरासमोर करतात तशी काठी वर केली होती, आणि खाली करायला ते विसरले.

धातूची पट्टी मी नदीत टाकली नाही. ती तुझ्या पेटीत ठेवली आहे, क्लॅरिनेटच्या टोकाजवळ, जिथे ती टेकायची.

परत आल्यावर आंघोळ केली, चूल पेटवली, सवयीनं दोन भाकरी थापल्या. ओसरीवर टकटक नव्हती. फळीवर माझी पेटी आहे, तू ठेवली होतीस तिथेच. अजूनही माझा हात तिथे पोचत नाही.

आई गेली. तू गेलास. पाहुण्याला तू बरोबर घेऊन गेलास. आठ दिवसांसाठी आलेली मी, ती राहिली.